लिमाला जाताना काय न्यावं

यंदा रोवणी, म्हणजे भाताची लावणी, ऐन भरात असताना माझी धाकटी बहीण लता चिचगडहून केशोरीला आली. रोवणीच्या दिवसांत कुणी कुणाकडे पाहुणं जात नाही. ज्याच्या घरी भाताच्या बांध्या आहेत त्याला या दिवसांत जेवायची शुद्ध नसते. म्हणून तिला अंगणात चप्पल काढताना पाहिलं तेव्हा मला आधी वाईटच सुचलं. पण बातमी चांगली होती. तिच्या सोनलला दिवस गेले होते, आता सातवा महिना लागला होता. सोनलचा नवरा माझ्या जावयाच्या ओळखीनं त्याच्याच कंपनीत लागला, आणि दोघं गेल्या वर्षापासून दक्षिण अमेरिकेत, लिमा नावाच्या शहरात राहतात. बाळंतपणाला आईनं तिकडे यावं असा लेकीचा हट्ट. आणि इकडे गावाकडे राहिलेल्या आमच्या अख्ख्या गोतावळ्यात लिमा पाहिलेलं माणूस एकच, ते म्हणजे मी.

लता मला बाई म्हणते. पाण्याचा गिलास खाली ठेवत ती म्हणाली, "बाई, तू जाऊन आली ना तिथं. मंग सांग मले. काय न्यायचं, कसं राहायचं, सप्पा सांग."

मी सांगायला तोंड उघडलं आणि मला काही सांगताच येईना. इतकी वर्षं झाली, पण ते शहर माझ्या डोक्यात अजून नीट मांडलं गेलेलं नाही. एखाद्या घरातलं सामान दुसऱ्या घरात आणून टाकावं आणि कुठलं कुठे ठेवायचं ते कुणाला कळू नये, तसं ते पडून आहे. सर्वांत आधी मला आठवलं ते तिथलं आभाळ. आणि आभाळ काही पेटीत भरून नेता येत नाही.

मी गेले होते तेही याच दिवसांत. माझी मुलगी प्रज्ञा पहिलटकरीण होती. जावई मिलिंद आपल्याकडच्या ऑटोरिक्षा बनवणाऱ्या कंपनीत. त्या रिक्षा तिकडे विकल्या जातात आणि तिथल्या मिस्त्र्यांना त्या दुरुस्त करायला शिकवणं हे त्याचं काम. मी तेव्हा गावच्या पोस्टात होते. मोठ्या मुश्किलीनं रजा मिळाली. प्रज्ञाचे बाबा येऊ शकले नाहीत. पऱ्हे, म्हणजे भाताची रोपं, उपटायला आलेले असताना शेत सोडून कोण निघणार? त्यांनी गोंदियाला मला गाडीत बसवलं आणि खिडकीतून एवढंच म्हणाले की तिथे पोचल्यावर कळव. जसं काही मी नागपूरला दीक्षाभूमीवर चालले होते.

विमानं बदलत बदलत मी लिमाला उतरले तेव्हा बाहेर ढग दाटलेले होते. असे दाटलेले की आपल्याकडे असते तर बायांनी वाळवण आवरायला धाव घेतली असती. मी प्रज्ञाला म्हटलं की छत्री वरच्याच पिशवीत आहे, काढते. ती हसली. म्हणाली, "आई, इथे पाऊस पडत नाही." मला वाटलं, आज पडत नाही असं म्हणायचं असेल. पण ती म्हणत होती की इथे पडतच नाही. एवढं समुद्राकाठचं शहर, पण वाळवंटात वसलेलं. हिवाळाभर असं आभाळ येतं, खाली उतरतं, अंगाला दमट दमट लागतं, पहाटे कधी भुरभुर होते, तिला ते गारुआ म्हणतात. पण पाऊस नाही. घरांना उतरती छपरं नाहीत, पन्हाळी नाहीत. कित्येकांच्या गच्चीवर उघड्यावरच खुर्च्या, लाकडं, पुठ्ठे पडलेले, कुणाला फिकीर नाही.

मला ते पटेना. रोज उठून मी खिडकीशी उभी राहायची. आज तरी. कपडे तीन-तीन दिवस वाळत नव्हते, मीठ ओलं होत होतं, आगपेटीच्या काड्या सादळत होत्या. म्हणजे पावसाळ्याचं सगळं होतं, फक्त पाऊस नव्हता. फोनवर प्रज्ञाचे बाबा दर वेळी तेच विचारायचे, तिकडे पानी आहे का. मी म्हणायची, आभाळ आहे, पण पाणी नाही. ते म्हणायचे, "आभाळ हाये तं पानी पडल कसं नाही?" त्या वर्षी इकडेही सुरुवातीला पावसानं ताण दिला होता. पऱ्हे पिवळे पडून राहिले होते. ते इकडे आभाळ शोधत होते आणि मी तिकडे पाणी शोधत होते.

लताला मी म्हटलं, जाडं स्वेटर ने. छत्री नेऊ नको. ती म्हणाली की पावसाळ्यात घरातून छत्रीशिवाय निघायचं कसं, लोक काय म्हणतील. मी म्हटलं, तिथे तो पावसाळा नाही, हिवाळा आहे. ती माझ्याकडे पाहत राहिली. आषाढात हिवाळा. मीही अशीच पाहत राहिले होते.

आणखी काय सांगू? नळाचं पाणी पिऊ नको, उकळून पी. टॅक्सीला मीटर नसतं, बसायच्या आधी ठरव. तांदूळ नेऊ नको, तिथले लोक आपल्यासारखेच भात खातात, तोही रोज, बटाट्याबरोबरसुद्धा. डाळ ने, तिखट ने. भिंतीवर हिरव्या पाटीत इंग्रजी एस काढलेला दिसला तर ती भूकंपात उभं राहायची जागा समजायची. आणि तिथल्या बाया भेटल्या की गालाला गाल लावून चुंबन घेतात, तेव्हा मागे सरकू नको. मी सरकले होते. प्रज्ञाच्या खालच्या मजल्यावर नोर्मा नावाच्या बाई राहायच्या. विधवा, साठीच्या, घरी शिवणकाम करायच्या. पहिल्या दिवशी त्या जवळ आल्या आणि मी भिंतीला टेकले. त्यांना काय वाटलं असेल कोण जाणे. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझे हात हातात घेतले आणि तेवढ्यावरच थांबल्या. तिसऱ्या दिवशी मीच गाल पुढे केला, तर चुकीचा केला, आणि आमची नाकं आपटली. नंतर आमचं छान जमलं. त्या त्यांच्या भाषेत बोलायच्या, मी माझ्या. मी त्यांना रोवणीचं सांगत होते आणि त्या मला कशाचं सांगत होत्या ते मला आजही माहीत नाही. पण दोघी मान डोलवायचो.

रस्त्यावर तिथल्या लहान बसगाड्यांचे कंडक्टर दारात लोंबकळून गावांची नावं ओरडतात, अगदी आमगावच्या नाक्यावर काळी-पिवळीवाले ओरडतात तसे. ते पाहून मला धीर आला होता. वाटलं, हे तर आपलंच आहे. तो धीरच नडला.

त्या दिवशी सकाळी प्रज्ञानं टमाटरची चटणी मागितली, सांबार टाकून. सांबार म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर. जवळच्या दुकानात सांबार सुकलेला होता. मोठा बाजार बसनं पाच-सात थांब्यांवर होता आणि नोर्माबाईंबरोबर मी तिथे दोनदा जाऊन आले होते. तिथे सांबाराला कुलान्त्रो म्हणतात हेही शिकले होते. मी म्हटलं, मीच जाऊन येते. प्रज्ञा म्हणाली की जाऊ नको, मिलिंद संध्याकाळी आणेल. तिची कंबर सकाळपासून दुखत होती, हे तिनं मला सांगितलं नाही. तारखेला अजून अवकाश होता. मी पिशवी घेतली आणि निघाले.

बाजार छान झाला. भाजीवाली मला कासेरिता म्हणाली. नेहमीच्या गिऱ्हाइकाला तिथे असं म्हणतात. मला उगाच मोठं वाटलं. सांबाराची जुडी घेऊन मी रस्त्याच्या कडेला येऊन उभी राहिले, आमच्या बसचा रंग आणि नंबर पाहिला, हात केला आणि चढले.

तिथे गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालतात. हे मला माहीत होतं. पण पायांना माहीत नव्हतं. जन्मभर ज्या बाजूला उभं राहून घरी जाणारी गाडी पकडली, त्याच बाजूला ते जाऊन उभे राहिले. बस घराकडे न जाता घरापासून लांब निघाली. आणि मला ते कळलं नाही, कारण आभाळात सूर्य नव्हता. आपल्याला वाटतं की आपण दुकानं, झाडं, वळणं पाहून रस्ता ओळखतो. मला तर त्या दिवशी कळलं की मी सगळा जन्म उन्हाकडे पाहून चालले होते. ऊन पाठीशी आहे की डाव्या गालावर, यावरून मला कळायचं की मी केशोरीकडे तोंड करून आहे की अर्जुनीकडे. तिथे चारी दिशांना एकच राखाडी भिंत होती.

थांबे मोजायचे मी विसरून गेले. दुकानं संपली, मोठे रस्ते संपले, मग टेकड्या आल्या. गवताचं पातं नसलेल्या, भाजलेल्या विटेच्या रंगाच्या टेकड्या, आणि त्यांच्यावर वरपर्यंत घरंच घरं. मी कंडक्टरला म्हटलं, "जुनिन." आमच्या गल्लीचं नाव. तो म्हणाला, काय? मी पुन्हा म्हटलं, जुनिन. शेजारच्या बाईला म्हटलं. तिनं दुसऱ्या बाईला विचारलं. गाडीभर सगळे माझं नाव जुनिन आहे असं समजून माझ्याकडे प्रेमानं पाहू लागले. तिथे इंग्रजी जे अक्षराचा उच्चार ह करतात. हुनीन म्हणायला हवं होतं. शेवटी एका म्हाताऱ्याच्या लक्षात आलं, त्यानं हुनीन, हुनीन असं म्हणत मान हलवली आणि खिडकीबाहेर लांबच्या डोंगरांकडे हात केला. हुनीन हा त्यांच्या देशाचा एक प्रांतही आहे, पहाडात, बसनं खूप लांब. ते बिचारे मला तिकडे पाठवायला निघाले.

पोस्टात काम करणारी बाई मी. अर्धवट पत्त्याची पाकिटं मी कितीदा बरोबर दारी पोचवली. आणि माझाच पत्ता मला सांगता येईना. मिलिंदनं पत्ता आणि फोन नंबर लिहून दिलेला कागद माझ्या स्वेटरच्या खिशात होता आणि स्वेटर घरी दोरीवर ओलं लटकत होतं. मी अंगावर नुसती शाल घेऊन निघाले होते.

शेवटच्या थांब्यावर सगळे उतरले. मीही उतरले. कोमास नावाची वस्ती होती, ते नंतर कळलं. धूळ, कुत्री, एका गाड्यावर कसलासा गरम काढा विकत होते. मी उभी होते आणि माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती की प्रज्ञा घरी एकटी आहे. रडू येत नव्हतं. रडायला निदान माणसाला आपण कुठे आहोत ते माहीत असावं लागतं.

मग समोरून ऑटो आली. आपली ऑटो. तीन चाकांची, तोच आवाज, तेच हँडल. तिला त्यांनी निळी ताडपत्री लावली होती आणि पुढे येशूचं चित्र होतं, पण समोर आपल्या कंपनीचं नाव होतं. मी धावले. चालवणारा पिकल्या मिशांचा माणूस होता. मी ऑटोवर हात ठेवला आणि माझ्या छातीवर ठेवला. म्हटलं, इंडिया. तो म्हणाला, इंदिया? मी म्हटलं, हो. पुन्हा ऑटोवर हात मारला आणि म्हटलं, मिलिंद, इंजिनियर मिलिंद. तो विचारात पडला. त्याला वाटलं असावं की मी ऑटोबद्दल काही तक्रार घेऊन भारतातून आले आहे. त्यानं मला बसायची खूण केली आणि मी बसले. कुठे नेतो आहे, विचारलं नाही. विचारणार कशी?

त्यानं मला ऑटो दुरुस्तीच्या एका शेडमध्ये नेलं. ऑइलचा, रबराचा वास. पाच-सहा गाड्या आडव्या पाडलेल्या, त्यांची चाकं वर. मिस्त्री हात पुसत गोळा झाले. त्यांच्यात एक बाईही होती, हिशोब पाहणारी. मी पुन्हा म्हटलं, मिलिंद. आणि एक मिस्त्री एकदम म्हणाला, "इंहेनिएरो मिलिन?" त्यानं भिंतीवरचा फोटो दाखवला. मिस्त्र्यांच्या प्रशिक्षणाचा फोटो होता, आणि मध्ये माझा जावई टोपी घालून उभा. मी त्या फोटोवर बोट ठेवलं आणि मग तिथून बोट काढवेना.

त्यांनी फोन लावला. बराच वेळ त्यांच्या भाषेत बोलणं झालं, मग फोन माझ्या हातात दिला. मिलिंदचा आवाज मला ओळखू आला नाही, इतका तो चढलेला होता. म्हणाला, "आई, तुम्ही कुठे गेलात? आम्ही दवाखान्यात आहोत. मुलगी झाली. दोघी चांगल्या आहेत."

मी म्हटलं, कुणाला?

आता हसू येतं. पण तेव्हा मला खरंच कळलं नाही. प्रज्ञा तर घरी होती, चटणीची वाट पाहत. मिलिंदनं पुन्हा सांगितलं. मी निघाले आणि थोड्याच वेळात प्रज्ञाचं पाणी गेलं. तिनं खाली नोर्माबाईंना हाक मारली. त्यांनी टॅक्सी आणली, दवाखान्यात नेलं. बाळाचे ठोके कमी होत होते म्हणून लगेच ऑपरेशन करावं लागलं. मिलिंद पोचायच्या आधी प्रज्ञानं स्वतः सही केली होती.

फोन ठेवल्यावर मी हातानं बाळ दाखवलं, झोळीत हलवतात तसं. मग हिशोबवाल्या बाईनं मला मिठी मारली, गालाला गाल लावला. मग मिस्त्री पुढे आले, काळ्या हातांचे, एकेक करून, हात मागे धरून नुसता गाल पुढे करत. ज्या लेकीसाठी सात समुद्र ओलांडून आले, तिच्या बाळंतपणाची वार्ता मला तिच्यापासून लांब, उलट्या पडलेल्या ऑटोंच्या मध्ये कळली, आणि माझं अभिनंदन परक्या मिस्त्र्यांनी केलं. मला आनंद झाला होता का? झाला असणार. पण तो कुठे ठेवावा ते कळत नव्हतं.

शेडच्या माणसांनी मला दवाखान्यात पोचवलं. प्रज्ञाचा चेहरा पांढरा पडला होता. नोर्माबाई तिच्या उशाशी होत्या, बाळ त्यांच्याजवळ. त्यांनी उठून ते माझ्या हातात दिलं आणि स्वतः बाहेर गेल्या. मी प्रज्ञाला म्हटलं की मी चुकीच्या गाडीत बसले गं. तिनं डोळे उघडले. म्हणाली, "बरं झालं तू नव्हतीस, आई. तू असतीस तर मी रडली असती. मग माझ्यानं काहीच झालं नसतं."

ती लगेच झोपली. मी बाळ घेऊन उभी राहिले.

हे वाक्य मी परत आल्यावर इथे बांधीत उभी राहूनही उलटंसुलटं करून पाहिलं आहे. त्यात दिलासा आहे की टोचणी, मला कळत नाही. आईनं लेकीच्या बाळंतपणाला जावं ते याचसाठी ना, की तिनं रडावं? आणि ती न रडता पार पडली, तर मग मी गेले कशाला? प्रज्ञाच्या बाबांना मी फोनवर सांगितलं तेव्हा त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले की पोर चांगली आहे ना, मंग झालं. त्यांच्याकडे त्या आठवड्यात पाऊस लागला होता. रोवणी सुरू झाली होती. त्यांना तेवढ्यात सगळं बरोबर वाटत होतं.

पुढचे दिवस मी बाळाची आंघोळ, प्रज्ञाचा शेक, स्वयंपाक यांत घालवले. त्या दिवसाचं कुणीच बोलत नव्हतं. प्रज्ञा शांत होती, जास्तच शांत. बाळाला दूध पाजायची, कुशीवर वळायची. मी विचारलं तर म्हणायची, काही नाही. महिना होत आला असेल. एका सकाळी मी पाय लांब करून बसले होते, बाळ पायांवर पालथं, त्याच्या पाठीला तेल लावत होते. प्रज्ञा दाराशी येऊन टेकली आणि म्हणाली, "आता सांग, त्या दिवशी तू कुठे कुठे गेली होतीस?"

मी सांगायला लागले. बस, टेकड्या, जुनिन जुनिन म्हणणारी मी, तो म्हातारा मला डोंगरात पाठवतो आहे. ती हसायला लागली. शेडमधले मिस्त्री हात मागे धरून गाल पुढे करतात, ते मी करून दाखवलं, तेव्हा तर तिला हसू आवरेना. टाके दुखतात म्हणून तिनं पोट दाबून धरलं आणि हसतच खाली बसली. मग तिचं हसणं बदललं. मला आधी कळलं नाही. ती माझ्या खांद्याला डोकं लावून रडत होती. ऑपरेशनच्या टेबलावर ती एकटी होती, डॉक्टर तिला समजणार नाही इतकं भरभर बोलत होते, आणि तिला वाटलं होतं की बाळ गेलं. हे सगळं तिनं तुकड्या तुकड्यांत सांगितलं. मी बाळाच्या पाठीवरचा तेलाचा हात तसाच ठेवून बसले, कारण दुसरा हात तिच्या डोक्यावर होता. ती किती वेळ रडली सांगता येणार नाही. तेल सगळं जिरून गेलं.

हे सगळं सांगत सांगत मी लताला घेऊन शेतावर आले होते. रोवणाऱ्या बाया ओळीनं वाकलेल्या होत्या आणि आम्ही धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, खाली पऱ्ह्याच्या जुड्या टाकत होतो. तिनं कमरेत पदर खोचला आणि म्हणाली, "म्हणजे तू तिथं होती, आनि नव्हतीही." मी म्हटलं, तसंच समज.

तिनं आणखी एक जुडी चिखलात टाकली. मग तिनं विचारलं, "ऐन वेळेवर तं तिथं दुसरंच कोनी असते. मंग मी कायले जाऊ?"

ती याचसाठी आली होती, हे मला तेव्हा कळलं. सामानाचं विचारणं हे निमित्त. जे उत्तर दिलं, ते मीही पहिल्यांदाच स्वतःच्या तोंडून ऐकत होते.

"लेकी मागाहून रडतात, लता," मी म्हटलं. "तवा कोनी पायजे."